दारावरचा काटा

धाराशिवच्या कुठल्याही सेवा केंद्रात जून महिन्यात तासभर जाऊन बसा. शिष्यवृत्ती, प्रवेश, उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला अशा सगळ्या तारखा एकाच वेळी डोक्यावर आलेल्या असतात. बाहेर चपलांचा ढीग, आत एक पंखा, दोन संगणक आणि त्यांच्यामागे दोन थकलेली पोरं. त्या तासाभरात एक वाक्य तुम्हाला हमखास पाच-सहा वेळा ऐकू येईल : "दादा, फोटो बसंना गेलाय की."

बसत नाही, कारण फोटो मोठा आहे. फोनने काढलेला फोटो चार एमबीचा, आणि अर्जाला हवा पाच ते वीस केबीचा. 'केबी' हा शब्द आपल्याकडे आता पूर्ण मराठी झाला आहे. शुगर वाढावी, बीपी वाढावा, तसं केबी वाढतं. "मावशी, ह्याचं केबी लई वाढलंय, कमी करून देतो, दहा रुपये होतील," असं केंद्रातला पोरगा म्हणतो आणि मावशीही कमरेची पिशवी सोडून दहाची नोट काढतात. केबी म्हणजे काय हे मावशींना कुणी सांगितलेलं नाही. ते कमी असावं लागतं एवढं त्यांना कळलं आहे.

कमी, पण फार कमी नाही. 'आपले सरकार' पोर्टलवर गेली काही वर्षं फोटोला पाच ते वीस केबी आणि रुंदी १६० पिक्सेल, तर कागदपत्राला ७५ ते ५०० केबी अशी चौकट आहे. बँकांच्या भरतीसाठी आयबीपीएसचा अर्ज भराल तर फोटो वीस ते पन्नास केबी, सही दहा ते वीस केबी. म्हणजे एकाच माणसाचा एकच फोटो दोन ठिकाणी चालवायचा तर दोनदा कापावा लागतो. केंद्रांच्या भिंतींवर असे आकडे हाताने लिहून चिकटवलेले दिसतात. किराणा दुकानातल्या भावफलकासारखे.

या आकड्यांवर चिडणं सोपं आहे आणि मीही पुष्कळदा चिडलो आहे. पण मर्यादा असणं ही मूळ तक्रार नव्हे. कुठल्याही गोदामाला मर्यादा असतेच. मला कुतूहल वाटतं ते दुसऱ्याच गोष्टीचं : 'तुमचा माल जास्त आहे' हे गोदाम नक्की कधी सांगतं? माल घरातून निघण्याआधी, दारात, की सगळा माल आत ओतून झाल्यावर? संगणकाच्या दुनियेत या एका प्रश्नाला तीस वर्षांचा इतिहास आहे, आणि त्यातली निदान पंधरा वर्षं आपल्यासारख्या गावांना महागात पडलेली आहेत.

*

२००९ मधली गोष्ट सांगतो. तेव्हा जिल्ह्याचं नाव उस्मानाबाद होतं, म्हणून तेच म्हणतो. माझ्या मामेभावाला एका नोकरीचा अर्ज ऑनलाइन भरायचा होता आणि शेवटची तारीख उद्यावर आली होती. अर्ज कुणाचा होता ते सोडून देऊ. बसस्थानकाजवळच्या एका सायबर कॅफेत आम्ही संध्याकाळी सहाला बसलो. तासाला वीस रुपये. कॅफेवाल्याने पदवीचं प्रमाणपत्र स्कॅन करून दिलं, अर्ज भरून झाला, फाइल जोडली, बटण दाबलं. खालची निळी पट्टी सरकू लागली. सरकतेय, सरकतेय. दहा मिनिटं गेली, पंधरा, पंचवीस. मग पान उघडलं आणि त्यावर लाल अक्षरांत आलं : नाव भरणे आवश्यक आहे. जन्मतारीख भरणे आवश्यक आहे. पत्ता भरणे आवश्यक आहे.

सगळे रकाने कोरे.

आम्ही पुन्हा भरलं. पुन्हा पट्टी, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा भावाने नावाचं स्पेलिंग बदलून पाहिलं, कारण मशीनला नाव आवडत नाही अशी त्याची खात्री झाली होती. मग वीज गेली. भारनियमनाचे दिवस होते आणि कॅफेच्या इन्व्हर्टरवर एकच संगणक चालायचा. तो अर्ज गेला नाही.

काय घडलं होतं ते मला बऱ्याच वर्षांनी, पोटापाण्यासाठी याच धंद्यात आल्यावर कळलं. कॅफेवाल्याने स्कॅन साठवला होता बीएमपी प्रकारात. ए-फोर कागद, तीनशे डीपीआय, रंगीत : २४८० गुणिले ३५०८ पिक्सेल, दर पिक्सेलला तीन बाइट. गुणाकार करा, दोन कोटी साठ लाख बाइट होतात, म्हणजे जवळपास २५ एमबी. आपल्या देशाने २००४ च्या ब्रॉडबँड धोरणात 'ब्रॉडबँड' म्हणायला किमान २५६ केबीपीएस हा वेग ठरवला होता. तेवढा वेग पूर्ण मिळाला आणि दुसरं कुणी वापरत नसलं, तरी ही फाइल वर जायला साडेतेरा मिनिटं लागतात. कॅफेत माणसं बसलेली असली की पुढचा हिशोब तुम्हीच करा.

आणि कोरे रकाने? त्या काळी निम्म्याहून जास्त संकेतस्थळं ज्या पीएचपी या भाषेत लिहिली जात, तिच्यात एका अर्जाबरोबर येणाऱ्या एकूण मजकुरावर मर्यादा असते. कुणी बदलली नाही तर आठ एमबी, आणि त्यातल्या एकेका फाइलला दोन एमबी. ही एकूण मर्यादा ओलांडली की पीएचपी अर्ज उघडतच नाही. फाइल फेकते, आणि तिच्याबरोबर नाव, पत्ता, जन्मतारीख सगळं फेकते. पुढचा कार्यक्रम पाहतो तर त्याच्या हातात कोरा कागद. तो बिचारा प्रामाणिकपणे सांगतो, नाव भरा.

यातली खरी चीड आणणारी गोष्ट वेगळीच आहे. ब्राउझर जेव्हा अर्ज पाठवतो तेव्हा अगदी सुरुवातीला, पाकिटावर पत्ता लिहावा तसा, एक आकडा लिहितो : मागून किती बाइट येत आहेत. कंटेंट-लेंग्थ म्हणतात त्याला. म्हणजे आमच्या अडीच कोटींवर बाइटांपैकी पहिले काहीशे पोचले त्या क्षणी पलीकडच्या यंत्राला कळलं होतं की हा माल आपल्याला घ्यायचा नाही. पहिल्याच सेकंदात. उरलेला सगळा वेळ आम्ही, कुणीही घेणार नाही हे ठरलेलं ओझं, वीस रुपये तासाने वर ओढत बसलो होतो.

*

आपल्या भागाला अशी रीत माहीत नव्हती असं नाही. उलट माल निघण्याआधी वजन करायचं हीच इथली जुनी रीत. पोस्टात पार्सल नेलं की आधी काट्यावर. तार करायची तर खिडकीतला कारकून पेन्सिलीने शब्द मोजायचा आणि जास्त झाले की तुमच्या तोंडावर सांगायचा; पैसे वाचवायला लोक तिथेच उभं राहून 'आजी सीरियस लवकर या' मधलं 'लवकर' खोडायचे. २०१३ च्या जुलैमध्ये तार बंद झाली. शेवटपर्यंत शब्द मोजले जायचे ते अलीकडच्या खिडकीत, तार पलीकडे पोचल्यावर नव्हे.

याहून मोठं उदाहरण बार्शी लाइट रेल्वेचं. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंजिनिअरने १८९७ मध्ये कुर्डुवाडी ते बार्शी ही अडीच फुटी गाडी सुरू केली आणि १९११ मध्ये ती येडशी, ढोकीवरून लातूरपर्यंत निजामाच्या मुलखात पोचली. कॅलथ्रॉपचं सगळं तत्त्व एका आकड्यात होतं : एका आसावर, म्हणजे दोन चाकांच्या जोडीवर, पाच टनांपेक्षा जास्त भार नाही. डबा असो की इंजिन. तो आकडा आधी ठरला म्हणून रूळ यार्डाला तीस पौंडांचे, हलके आणि स्वस्त टाकता आले, आणि म्हणूनच असल्या कोरडवाहू मुलखात रेल्वे परवडली. इंजिन जड होतंय? तर त्याला आस वाढवा, वजन वाटून द्या. त्याच्या सुरुवातीच्या इंजिनांना सहा-सहा आस होते. मर्यादा मोडायची नाही, ओझ्याचे भाग करायचे. आज मोठी फाइल तुकड्यातुकड्याने पाठवतात आणि मध्येच नेट गेलं तर अडलेल्या तुकड्यापासून पुढे सुरू करतात, त्यामागे हाच विचार आहे.

आणि ऊस. ढोकीच्या तेरणा कारखान्याच्या भागात वाढलेल्या कुणालाही विचारा, तोडीची चिठ्ठी आल्याशिवाय उसाला कोयता लावतात का? तोडलेला ऊस दिवसागणिक वाळतो, वजन घटतं. आधी तोडून, गाडी भरून, गव्हाणीपर्यंत नेऊन मग 'तुमचा नंबर नाही' ऐकणं म्हणजे शेतकऱ्याचं मरण. म्हणून आधी विचारायचं, मग तोडायचं. ही चिठ्ठी जरा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

*

आता १९९५. १५ ऑगस्टला विदेश संचार निगमने भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं, मोजक्या महानगरांत. उस्मानाबादेत त्याची बातमीच काय ती आली असेल. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये इंटरनेटच्या नियमांची दोन टिपणं प्रसिद्ध झाली. अशा टिपणांना आरएफसी म्हणतात आणि प्रत्येकाला क्रमांक असतो. या दोघांचे क्रमांक होते १८६७ आणि १८७०. महिना एक, क्रमांकांत फरक तिनाचा, आणि विषयही जवळचे. पण नशीब किती वेगळं!

१८७० हे टिपण ईमेलचं. त्यातला विचार १९९३ पासून मुरत आलेला होता. एका टपालयंत्राने दुसऱ्याला पत्र देताना आधी दोन शब्द बोलायचे. घेणारा सांगतो, मी एवढ्या बाइटांपर्यंत घेतो. देणारा सांगतो, माझ्याकडे एवढं आहे. जास्त असेल तर घेणारा तिथल्या तिथे नाही म्हणतो आणि पत्राचा मजकूर निघतच नाही. हे चाललं, टिकलं, आजही तुमचं प्रत्येक ईमेल या संवादातून जातं. ईमेलची यंत्रं मोजकी, ती चालवणारी माणसं जाणकार, आणि फुकट ओझं वाहण्याचा खर्च त्यांच्याच खिशातून जाणारा. म्हणून त्यांनी काटा दारात ठेवला. मला तरी यात योगायोग दिसत नाही.

१८६७ हे टिपण झेरॉक्स कंपनीतल्या अर्नेस्टो नेबेल आणि लॅरी मासिंटर या दोघांचं. वेबवरच्या अर्जातून फाइल कशी पाठवायची हे जगात पहिल्यांदा नीट मांडलं ते त्यांनी. आज आधारची प्रत जोडताना आपण जे 'फाइल निवडा' दाबतो, त्याचं मूळ तिथे. आणि त्याच टिपणात, अगदी सुरुवातीच्या भागात, लिहून ठेवलंय की फाइलच्या रकान्याला 'मॅक्सलेंग्थ' हा गुण द्यावा. ब्राउझरने तो सर्व्हरची कमाल मर्यादा समजावा. म्हणजे पाठवण्याआधीच माणसाला कळेल. ही फक्त सूचना आहे, अर्ज उघडल्यापासून पाठवेपर्यंत सर्व्हरवरची जागा बदलू शकते, हेही त्यांनी लिहिलं. आणि फार मोठी फाइल येऊ लागली तर सर्व्हरने ती मध्येच तोडावी, हेही. म्हणजे दारात एक काटा, आत दुसरा. पुढची तीस वर्षं प्रोग्रामर ज्या गोष्टी परत परत शिकत आले, त्या पहिल्याच कागदावर होत्या.

नेटस्केपने १९९६ मध्ये फाइल पाठवण्याची सोय केली. आकाराची सूचना मात्र ब्राउझरांनी मनावर घेतली नाही. १९९७ च्या डिसेंबरमध्ये एचटीएमएल ४.० आलं तेव्हा मॅक्सलेंग्थ फक्त अक्षरांच्या आणि पासवर्डच्या चौकटींपुरतं उरलं होतं. फाइलच्या रकान्यातून ते गळून पडलं. फारशी हळहळही कुणी केली नसावी. अमेरिकेतल्या विद्यापीठांत आणि कंपन्यांत, जिथे हे सगळं घडत होतं, तिथल्या तारा जाड होत्या. आपल्याकडच्या मोडेमवर वर पाठवण्याचा वेग फार तर ३३.६ केबीपीएस, दोन एमबीच्या फाइलला सव्वाआठ मिनिटं, आणि तेही फोनच्या मीटरवर.

दुसरा प्रयत्न झाला १९९७ ते १९९९ मध्ये, एचटीटीपीच्या नव्या आवृत्तीत. तो म्हणजे तंतोतंत तोडीची चिठ्ठी. ब्राउझरने आधी नुसतं पाकीट दाखवायचं, आतला माल हातातच ठेवायचा आणि विचारायचं, पाठवू का? सर्व्हरने '१००, चालू द्या' म्हटलं तर पाठवायचं, '४१३, फार मोठं' म्हटलं तर नाही. १९९९ च्या जूनमधल्या आरएफसी २६१६ मध्ये हे सगळं व्यवस्थित आहे. कर्लसारख्या, प्रोग्रामरांच्या हत्यारांनी ते पाळलं. ब्राउझरांनी अर्ज पाठवताना कधीच पाळलं नाही. अनेक सर्व्हर या प्रश्नाला उत्तरच देत नसत, मग ब्राउझरने किती वेळ वाट पाहायची? ताटकळण्यापेक्षा पाठवून मोकळं होणं प्रत्येकाला सोपं वाटलं. चिठ्ठी छापलेली, पण वाटायला माणूस नाही.

मग सर्व्हरने एकट्याने नाही म्हणायचं ठरवलं तर? तिथे आणखी एक गंमत आहे. गंमत कसली! सर्व्हर आकडा पाहून '४१३' लिहितो आणि दार लावतो. पण ब्राउझर अजून माल ओततोच आहे. बंद दारावर आदळलेल्या मालाला सर्व्हरची ऑपरेटिंग सिस्टीम 'जोडणी तोडली' असा झटका परत पाठवते, आणि त्या झटक्यात ब्राउझर आधी आलेलं उत्तरही न वाचता टाकून देतो. पडद्यावर दिसतं : पान उघडता येत नाही. मायक्रोसॉफ्टच्या एएसपी डॉट नेटमध्ये चार एमबीची मर्यादा ओलांडली की हेच व्हायचं. एनजिनएक्स या आज जगभर वापरल्या जाणाऱ्या सर्व्हरची मर्यादा न बदलल्यास एक एमबी, आणि त्याच्या माहितीपुस्तिकेत सरळ लिहिलंय की ब्राउझर ही चूक नीट दाखवू शकत नाहीत. त्यावर तोड म्हणून सर्व्हरला, नाही म्हटल्यावरही, काही वेळ येणारा माल घेऊन फेकत राहावं लागतं. तेवढ्यात ब्राउझर उत्तर वाचेल या आशेवर.

परिणाम काय झाला ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. 'सर्व्हर डाऊन' हे दोन शब्द मराठीत आले आणि घट्ट बसले. तलाठी कार्यालयापासून बँकेपर्यंत कशालाही तेच उत्तर. खरोखर कोसळलेले सर्व्हर होतेच. २०२० च्या डिसेंबरमध्ये ग्रामपंचायतींच्या उमेदवारी अर्जांच्या वेळी इतकी कोंडी झाली की राज्य निवडणूक आयोगाला शेवटच्या दिवशी कागदावरचे अर्ज घ्यायला परवानगी द्यावी लागली आणि वेळही वाढवावी लागली. पण सायबर कॅफेंच्या त्या वर्षांत कित्येक 'सर्व्हर डाऊन' प्रत्यक्षात नुसते न ऐकू आलेले नकार होते. फाइल मोठी आहे एवढंच कुणी सांगायला हवं होतं.

पीएचपीने यावर एक तोडगा काढला होता, तो तर विनोदीच. अर्जात 'मॅक्स फाइल साइझ' नावाचा एक लपलेला रकाना ठेवा, म्हणजे माणसाला मोठी फाइल पाठवून झाल्यावर निराश व्हावं लागणार नाही, असं तिची पुस्तिका वर्षानुवर्षं सांगत आली. हजारो प्रोग्रामरांनी तो भक्तिभावाने ठेवला. पण ब्राउझरला त्या रकान्याचा अर्थच ठाऊक नव्हता. त्याच्या लेखी तो एक साधा आकडा. तपासणी व्हायची ती पलीकडे पोचल्यावर, पीएचपीतच. दारावर काट्याचं चित्र लावलेलं, काटा आत.

खरा काटा दारात आला तो २०१० मध्ये. तोवर वेबपानाला सहसा तुम्ही निवडलेल्या फाइलचं नाव कळायचं, वजन नाही. २००५ नंतर काहींनी त्यासाठी फ्लॅशचा आधार घेतला होता. २००९ च्या नोव्हेंबरमध्ये 'फाइल एपीआय' या नव्या नियमाचा मसुदा निघाला, आणि २०१० च्या जानेवारीत फायरफॉक्स ३.६ ने त्या नियमाप्रमाणे पानावरच्या जावास्क्रिप्टला फाइलचा आकार वाचू दिला. आता फाइल निवडल्याक्षणी, एकही बाइट न पाठवता, सांगता येत होतं की ही बसणार नाही. मासिंटर-नेबेल यांच्या सूचनेनंतर चौदा वर्षांनी.

इंटरनेट एक्सप्लोररमध्ये ही सोय यायला दहावी आवृत्ती उजाडली, २०१२. आणि इथे पुन्हा आपला जिल्हा मध्ये येतो. कॅफेंतल्या आणि सुरुवातीच्या सेवा केंद्रांतल्या संगणकांवर विंडोज एक्सपी असायचं. त्यावर एक्सप्लोरर आठव्या आवृत्तीपुढे जातच नाही. फायरफॉक्स टाकता आला असता, पण कित्येक सरकारी संकेतस्थळांच्या तळाशी 'इंटरनेट एक्सप्लोररमध्ये उत्तम दिसेल' ही ओळ असायची आणि केंद्रचालक ती मोडायला धजत नसत. पुण्या-मुंबईच्या पोराला 'फाइल मोठी आहे' हे तत्क्षणी कळू लागलं तेव्हा आमच्याकडे निळी पट्टीच सरकत होती. मायक्रोसॉफ्टने एक्सपीचा हात सोडला एप्रिल २०१४ मध्ये. इथल्या संगणकांनी त्याच दिवशी सोडला असं समजू नका.

एक गोष्ट इथे नमूद करायला हवी, नाहीतर माझे सहकारी मला धरतील. दारातला काटा आला म्हणून आतला काढता येत नाही. पानावरची तपासणी माणसाच्या सोयीसाठी असते. कुणीही ती बाजूला सारून थेट सर्व्हरकडे हवा तेवढा माल ढकलू शकतो, आणि पाकिटावर वजन न लिहिताही पाठवू शकतो. म्हणून आतला काटा येणारे बाइट मोजत राहतो आणि मर्यादा गाठली की तिथेच तोडतो. सगळं डिस्कवर उतरवून मग मोजणारा सर्व्हर एक दिवस डिस्क भरून आडवा होतो.

*

म्हणजे आता सगळं ठीक झालं? आज सेवा केंद्रात फाइल निवडली की लगेच लाल ओळ येते. पंचवीस मिनिटं वाया जात नाहीत. मामेभावाला हे मिळालं असतं तर त्या संध्याकाळी आम्ही स्कॅन बदलून अर्ज भरला असता. हा फरक लहान नाही.

पण दारावरच्या काट्याने आता दुसरंच काम सुरू केलंय.

आमचा जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात. इथल्या घरांतले जुने कागद उर्दूत किंवा मोडीत. खासरा पाहणीचे उतारे, जन्म-मृत्यूच्या नोंदी, शाळेचे दाखले. पिवळे पडलेले, घडीवर फाटलेले, ए-फोरपेक्षा मोठे. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली तेव्हा मराठवाड्यातल्या प्रत्येक तालुक्यात असे कागद कपाटांतून बाहेर निघाले. त्या वादाची कुठलीही बाजू घ्या, कागद तोच. असा कागद नीट वाचता येईल असा स्कॅन केला तर सहज काही एमबींचा होतो. तो ५०० केबीत कोंबायचा. जेपीईजीने दाबलेल्या फाइलमध्ये सगळ्यात आधी मरतात ते बारीक ठिपके. उर्दूत बे, पे, ते ही अक्षरं अंगाने सारखीच, नुक्ते किती आणि वर की खाली यावरून ओळखायची. नुक्ता गेला की आजोबांचं नाव गेलं. मोडीत शब्द सुटे नसतात, सगळी ओळ एका दमात लिहिलेली. दाबलेल्या स्कॅनमध्ये ती मुंग्यांची रांग दिसते. दारातला काटा खूश होतो, ४८० केबी, आत जा. आणि पुढे कुठल्या तरी टेबलावरून शेरा येतो : कागदपत्र अस्पष्ट.

दाबायचं कुठे, हाही प्रश्नच. केंद्रातली पोरं इंटरनेटवर 'केबी कमी करा' म्हणून शोधतात आणि जे संकेतस्थळ वर येईल त्यावर कागद चढवतात. आधार, बँकेचं पासबुक, सातबारा, बाईचा फोटो. ती संकेतस्थळं कुणाची, कुठल्या देशातली, त्या प्रती पुढे कुठे जातात, केंद्रात कुणीच विचारत नाही. वीस केबीच्या नियमासाठी चार एमबीचा मूळ कागद आधी परक्याच्या हातात जातो. आणि गंमत म्हणजे हे काम अर्जाचं पान स्वतःच करू शकतं. ज्या वर्षांत ब्राउझरला फाइलचं वजन कळू लागलं, साधारण त्याच वर्षांत त्याला चित्र लहान करणंही जमू लागलं. फोटो निवडा, पान तो तिथल्या तिथे, तुमच्याच यंत्रात, १६० पिक्सेलचा करून घेईल. नियम कायम, काटा कायम, दहा रुपयेही वाचतील. काही अर्जांनी हे केलंही आहे. बाकीच्यांनी का नाही, याचं मला सुचणारं उत्तर एवढंच, की नाही म्हणणाऱ्याला काही खर्च येत नाही.

आणि याहून गंभीर एक गोष्ट आहे. २०१५ मध्ये महाराष्ट्रात लोकसेवा हक्क अधिनियम आला. तो माणसाला दोन गोष्टी देतो : अर्ज केल्याची पोच, जिच्यापासून मुदत मोजायची, आणि अर्ज नाकारला तर लेखी कारण, ज्यावर अपील करता येतं. चांगला कायदा आहे. पण तो सुरू होतो अर्ज आत गेल्यावर. दारात अडकलेली फाइल म्हणजे कायद्याच्या नजरेत अर्जच नव्हे. तिला पोच नाही, तारीख नाही, कारण नाही, अपील नाही. जुना कारकून खिडकीतून कागद परत ढकलायचा तेव्हा निदान भांडता यायचं. चार माणसं साक्षीला असायची. 'साहेबांना भेटतो' म्हणता यायचं. लाल ओळ पान बंद केलं की जाते. किती लोक दारातून परत गेले हे मोजायचं तर सर्व्हरकडे काहीच नसतं, कारण एकही बाइट तिथे गेलेला नसतो. लवकर नकार देण्याचा सगळा गुण हाच, आणि दोषही हाच. उशिरा नाकारणाऱ्या सर्व्हरच्या नोंदवहीत निदान आमच्या पंचवीस एमबीची एक ओळ पडली असेल.

करायचं ठरवलं तर हेही अवघड नाही. नकार दाखवताना पानाने तेवढीच एक ओळ सर्व्हरला कळवायची : अमुक सेवेच्या अमुक रकान्यात, एवढ्या केबीची फाइल, नाकारली. पन्नास-शंभर बाइटांचं काम. महिनाभराने कळेल की कुठल्या रकान्यात माणसं सगळ्यात जास्त अडखळतात, आणि मग तो वीसचा आकडा आजही वीसच का, हा प्रश्न कुणीतरी कुणाला तरी विचारू शकेल. तो आकडा ज्या काळात वाजवी होता त्या काळातली डिस्क आणि ती तार दोन्ही केव्हाच भंगारात गेल्या आहेत.

मामेभाऊ आता शेती करतो आणि जोडीला गावात त्याचं एक छोटं सेवा केंद्र आहे. मागच्या वेळी गेलो तेव्हा त्याच्या टेबलावर शंभर पानी वही दिसली. ज्यांचं काम झालं नाही त्यांची नावं त्यात लिहितो. तारीख, नाव, कुठला अर्ज, काय अडलं. 'फोटो ३१ केबी.' 'सही उलटी.' 'दाखला ६८ केबी, वाढवून मागतंय.' "हे कशाला लिहितोस?" म्हणून विचारलं.

"लोकं दुसऱ्या दिवशी येऊन म्हणतात, काल आलतो," तो म्हणाला. "मग बघून सांगतो, हां अन्ना, आलतात."